बिल्ड स्क्रिप्टला बाहेरचा प्रोग्रॅम नेमका सापडावा आणि नीट चालावा, यासाठी

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. सोलापुरात चादर-टॉवेलच्या डिझाइनचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका छोट्या चमूत आपण काम करता. आपली बिल्ड स्क्रिप्ट, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बांधणीचे टप्पे आपोआप पार पाडणारी फाइल, पायथनमध्ये आहे. ती नमुना चित्रांचे आकार बदलण्यासाठी इमेजमॅजिकचा ‘कन्व्हर्ट’ हा प्रोग्रॅम, माहितीपुस्तिकेसाठी डॉक्सिजन आणि शेवटी इन्स्टॉलर बांधण्यासाठी इनो सेटअप वापरते. आपल्या उबुंटू लॅपटॉपवर चित्रांचा टप्पा बिनबोभाट पार पडतो. जुळे सोलापूरच्या कार्यालयातील विंडोज मशीनवर मात्र त्याच टप्प्यावर ‘इनव्हॅलिड पॅरामीटर’ असा संदेश येऊन सारे थांबते. त्या मशीनवर ‘व्हेअर कन्व्हर्ट’ अशी कमांड दिली, तर पहिल्या ओळीत इमेजमॅजिकचाच पत्ता दिसतो. पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत, इमेजमॅजिकचे फोल्डर सर्वांत पुढे आणूनही फरक पडलेला नाही. मग चूक कुठे आहे, आणि असे प्रोग्रॅम शोधण्याची खात्रीची रीत कोणती, असे आपण विचारले आहे.

पाथ आपण बरोबर लावला आहे. पण ‘व्हेअर’ने जो प्रोग्रॅम दाखवला, तो आपल्या स्क्रिप्टने चालवलेलाच नाही. विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम३२ फोल्डरात ‘कन्व्हर्ट’ याच नावाचा एक प्रोग्रॅम असतो; तो फॅट पद्धतीच्या डिस्कचे रूपांतर एनटीएफएसमध्ये करतो आणि चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्याला आकार बदलण्याचा पर्याय दिला की तो ‘इनव्हॅलिड पॅरामीटर’ म्हणतो, आणि त्याच्या परीने ते बरोबरच आहे.

पाथमध्ये इमेजमॅजिक पुढे असताना सिस्टम३२ मधला प्रोग्रॅम का चालला, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण बहुतेक जण इथेच तासन् तास घालवतात. ‘व्हेअर’ ही कमांड आणि कमांड प्रॉम्प्ट स्वतः, हे दोघेही आधी चालू फोल्डर आणि मग पाथमधील फोल्डर क्रमाने पाहतात. पायथनच्या ‘सबप्रोसेस’ला, म्हणजे दुसरे प्रोग्रॅम चालवणाऱ्या मॉड्यूलला, मात्र आपण नुसते नाव दिले की तो ते विंडोजच्या ‘क्रिएटप्रोसेस’ या मूळ फंक्शनकडे सोपवतो, आणि त्या फंक्शनचा शोधक्रम वेगळा आहे : आधी ज्या प्रोग्रॅममधून हाक मारली त्याचे फोल्डर, मग चालू फोल्डर, मग सिस्टम फोल्डर, मग विंडोजचे फोल्डर आणि सर्वांत शेवटी पाथ. म्हणजे पाथ पाहण्याची वेळ येण्याआधीच सिस्टम३२ मधला ‘कन्व्हर्ट’ हाती लागतो आणि शोध संपतो. आपण पाथमध्ये कितीही अदलाबदल केली तरी या क्रमात काहीही बदलत नाही. स्क्रिप्टमधून बदललेला पाथ ‘सबप्रोसेस’ला एन्व्हायर्नमेंट (चालणाऱ्या प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सेटिंगचा संच) म्हणून दिला, तरी विंडोजवर तो शोधासाठी वापरला जात नाही, लिनक्सवर वापरला जातो. पायथनच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत हा फरक नोंदवलेला आहे, पण एखाद्या परिच्छेदाच्या पोटात असल्यामुळे तो सहसा नजरेतून सुटतो.

यावरून मी स्वतः पाळत असलेला नियम निघतो : शोध एकदाच घ्यावा, सापडलेला पूर्ण पत्ता हातात धरावा, तो प्रोग्रॅम आपल्याला हवा तोच आहे हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावे, आणि नंतर प्रत्येक वेळी त्याच पूर्ण पत्त्याने तो चालवावा. नुसत्या नावाने प्रोग्रॅम चालवणे म्हणजे शोधाचे काम दर वेळी ऑपरेटिंग सिस्टमवर सोपवणे. तिचा शोध आपल्या शोधासारखाच असेल, याची हमी कोणीही देत नाही.

पायथनमध्ये यासाठी ‘शटिल’ या मॉड्यूलमधील ‘व्हिच’ हे फंक्शन आहे, ते ३.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून उपलब्ध आहे. ते विंडोजवर ‘पाथएक्स्ट’ या व्हेरिएबलमधील एक्सटेन्शनही लावून पाहते आणि पूर्ण पत्ता परत देते. तो पत्ता ‘सबप्रोसेस’ला दिलात तर आजची आपली अडचण लगेच सुटेल. तरीही माझा सल्ला असा, की ‘कन्व्हर्ट’ हे नावच सोडून द्यावे. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीपासून मुख्य प्रोग्रॅमचे नाव ‘मॅजिक’ आहे आणि विंडोजवर ‘कन्व्हर्ट’सारखी जुनी नावे इन्स्टॉल करताना वेगळी निवडावी लागतात. ज्या नावावरून भांडण आहे ते नाव घ्यायचेच कशाला?

आता शोधाचा क्रम. मी प्रत्येक बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी आधी वापरणाऱ्याने स्पष्टपणे दिलेला पत्ता पाहतो, मग तो कमांडवरील पर्यायातून आलेला असो वा एखाद्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून. त्यानंतर पाथ, आणि पाथमध्ये नसेल तर त्या प्रोग्रॅमच्या ठरलेल्या जागा. यातील पहिल्या पायरीबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वापरणाऱ्याने पत्ता दिला आहे पण त्या पत्त्यावर काहीच नाही, अशा वेळी गुपचूप पाथकडे वळू नये. तिथेच थांबून चूक सांगावी. माणसाने मुद्दाम एक आवृत्ती सुचवली, टंकताना एक अक्षर चुकले आणि स्क्रिप्टने परस्पर दुसरीच आवृत्ती वापरली, तर तो पुढचे दोन दिवस चुकीच्या जागी चूक शोधत बसेल. अशी ‘मदत’ कोणी करू नये.

ठरलेल्या जागांचे उत्तम उदाहरण आपल्याच यादीत आहे. इनो सेटअप स्वतःला पाथमध्ये घालत नाही. त्याचा ‘आयएससीसी’ हा कमांडवरून चालणारा कंपायलर सहसा सी ड्राइव्हवर ‘प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६)’ खाली ‘इनो सेटअप ६’ या फोल्डरात असतो. पण ते केवळ एका वापरकर्त्यापुरतेही बसवता येते, आणि मग ते त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात जाते. म्हणून जागा गृहीत धरण्यापेक्षा विंडोजच्या रजिस्ट्री या नोंदवहीतील अनइन्स्टॉलच्या नोंदीत बसवल्याची जागा वाचावी, हे अधिक भरवशाचे. व्हिज्युअल स्टुडिओच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टनेच ‘व्हीएसव्हेअर’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम ठरलेल्या जागी ठेवला आहे. त्याचे काम इतर काही नाही, कोणती आवृत्ती कुठे बसवली आहे एवढेच सांगणे. मॅकवर होमब्रू या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाने बसवलेले प्रोग्रॅम इंटेल मशीनमध्ये ‘यूएसआर-लोकल’ खाली आणि ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या मशीनमध्ये ‘ऑप्ट’मधील ‘होमब्रू’ खाली जातात, त्यामुळे तेथे एकच जागा लिहून चालत नाही.

सापडणे आणि चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यात पक्के कळले. तेथील डिझाइन विभागातल्या संगणकावर रात्री एक स्क्रिप्ट चालून दिवसभरात केलेल्या डिझाइनच्या फाइल मागाला समजतील अशा रूपात तयार होत असत. संगणक बदलल्यानंतर पहिल्याच सकाळी फोल्डर रिकामे होते. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये ‘पायथन सापडले’ असे ठळकपणे लिहिलेले होते आणि पुढे ९००९ हा एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो तो निकालाचा आकडा. शेजारच्या शेडमधून मागांचा खडखडाट येत होता आणि मागांची देखभाल करणारा जॉबर दारात उभा राहून ‘नवीन डिझाइन कधी मिळणार?’ असे ओरडून विचारत होता. मी त्या पायथनच्या फोल्डरात जाऊन फाइलचा आकार पाहिला, तर तो शून्य बाइट. ‘विंडोजॲप्स’ फोल्डरातील तो नुसता दरवाजा होता. पायथन बसवलेलेच नसेल, तर त्या नावाने हाक मारणाऱ्याला मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे पाठवणे एवढेच त्याचे काम. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने फाइल आहे की नाही एवढेच पाहिले होते. ती स्क्रिप्ट मीच लिहिली होती, हेही प्रांजळपणे सांगून टाकतो.

तेव्हापासून सापडलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला मी आवृत्ती विचारतो आणि आलेले उत्तर तपासतो. उत्तरात ‘इमेजमॅजिक’ हा शब्द नसेल तर तो इमेजमॅजिक नाही, मग फाइलचे नाव काहीही असो. या तपासणीत दोन खड्डे आहेत. एक, सर्व प्रोग्रॅम आवृत्ती नेहमीच्या आउटपुटवर छापत नाहीत : ‘जावा -व्हर्जन’चे उत्तर चुकांसाठीच्या वेगळ्या एरर आउटपुटवर येते आणि पायथनही ३.४च्या आधी तसेच करत असे. म्हणून दोन्ही वाचावेत. दुसरा खड्डा असा, की आवृत्तीची तुलना अक्षरांनी करू नये. अक्षरांच्या तुलनेत ३.१० हे ३.९ पेक्षा लहान ठरते. ठिपक्यांवर तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची आकडा म्हणून तुलना करावी. पायथन ३.१० आले तेव्हा कितीतरी स्क्रिप्ट याच एका कारणाने नव्या पायथनला ‘जुने’ म्हणू लागल्या.

तयार बिल्ड साधने वापरली तर यातील बरेच काम त्यांनी आधीच केलेले असते. १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेल्या ‘मेक’ला शोधाची कल्पनाच नव्हती, त्याने कमांड शेलच्या, म्हणजे टंकलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हवाली केली आणि तो मोकळा झाला. ऑटोकॉन्फने १९९१ पासून, बांधणीआधी एकदा सारे तपासून घेण्याची सवय लावली. आज सीमेकमध्ये ‘फाइंड प्रोग्रॅम’ आहे, मेसनमध्येही त्याच नावाचे फंक्शन आहे आणि त्याला आवृत्तीची अटही घालता येते. सीमेक वापरणार असाल तर त्याच्या स्मरणशक्तीची जाणीव ठेवा. सापडलेला पत्ता तो कॅशमध्ये लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा शोधत नाही. आपण जुने इमेजमॅजिक काढून नवे दुसऱ्या फोल्डरात बसवले, तरी सीमेक जुन्याच पत्त्यावर जात राहतो. तेव्हा कॅशमधील ती नोंद काढावी किंवा बिल्डचे फोल्डर नव्याने करावे. सापडलेच नाही, तर मात्र तो दर वेळी नव्याने शोधतो. ३.१८ आवृत्तीपासून ‘रिक्वायर्ड’ हा शब्द देता येतो; तो दिला नाही तर न सापडलेला प्रोग्रॅम ‘नॉटफाउंड’ या शेपटीसह तसाच पुढे जातो आणि चूक भलत्याच ठिकाणी, भलत्याच शब्दांत उघड होते. बॅश शेललाही अशीच थोडी स्मरणशक्ती आहे. तेथे ‘हॅश -आर’ दिले की ती पुसली जाते.

लिनक्सच्या बाजूला आपला लॅपटॉप सध्या शहाण्यासारखा वागतो आहे, तरी तेथीलही काही गोष्टी सांगून ठेवतो. शेल स्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम आहे का हे पाहण्यासाठी ‘व्हिच’ ही कमांड न वापरता ‘कमांड -व्ही’ वापरावी. दुसरी युनिक्ससारख्या सिस्टमसाठीच्या पॉसिक्स प्रमाणकात आहे. पहिली नाही आणि वेगवेगळ्या वितरणांत ती वेगवेगळी वागते. शेलकडून १२७ हा एक्झिट कोड आला तर प्रोग्रॅम सापडला नाही. १२६ आला तर सापडला, पण चालवता आला नाही, आणि तेव्हा आधी परवानगी पाहावी. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे फाइल डोळ्यांसमोर असताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश येणे. येथे नसलेली फाइल आपली स्क्रिप्ट नव्हे, तर तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेला इंटरप्रिटर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, असतो. विंडोजवर संपादित केलेल्या स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘कॅरेज रिटर्न’ हे एक जादा, न दिसणारे चिन्ह असते. मग लिनक्स ‘पायथन३’ न शोधता ‘पायथन३ आणि ते चिन्ह’ या नावाचा प्रोग्रॅम शोधतो, जो अर्थातच जगात कुठेही नाही. आपल्याकडे दोन्ही प्रकारची मशीन असल्याने हे कधी ना कधी होणारच. गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या ‘ॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये अशा स्क्रिप्टसाठी ओळीचा शेवट ठरवून टाका.

पुढे बिल्ड सर्व्हरवर न्याल, किंवा ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या क्रॉनमधून रात्री चालवाल, तेव्हा आपला नेहमीचा पाथ तेथे नसतो. लॉगिन केल्यावर ज्या फाइल वाचल्या जातात त्या क्रॉन वाचत नाही. त्याचा पाथ सहसा दोन फोल्डरांपुरताच असतो. ‘माझ्या टर्मिनलवर तर चालते’ या तक्रारीमागे निम्म्या वेळा हेच कारण निघते. पूर्ण पत्ता धरून चालवणाऱ्या स्क्रिप्टला याचा त्रास कमी होतो, पण पूर्णपणे टळत नाही, कारण आपण चालवलेला प्रोग्रॅम आणखी कोणाला तरी हाक मारतो : डॉक्सिजनला आलेख काढायला ग्राफव्हिझचा ‘डॉट’ लागतो. त्याचेही फोल्डर डॉक्सिजनच्या संरचना फाइलमध्ये स्पष्ट द्यावे.

आता चालवण्याविषयी. कमांड एका लांब वाक्यासारखी जोडून शेलला देऊ नये. प्रोग्रॅम आणि प्रत्येक आर्ग्युमेंट (त्याला दिलेले प्रत्येक पद) यांची यादी द्यावी. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या नावातच मोकळी जागा आहे, आणि आपल्या ग्राहकांच्या डिझाइनच्या फाइलची नावे मी पाहिली आहेत : ‘मोर & कमळ (नवीन) फायनल २’. अशा नावातील ‘&’ शेलच्या हाती गेला तर तो त्याला दोन कमांडमधील सांधा समजतो. यादी दिली की हा प्रश्न उरत नाही, विंडोजवरील एक मोठा अपवाद वगळता. तो अपवाद म्हणजे ‘बॅट’ आणि ‘सीएमडी’ फाइल. त्या चालवण्यासाठी विंडोज आपल्या नकळत कमांड प्रॉम्प्टला बोलावते आणि त्याचे अवतरणचिन्हांचे नियम निराळे आहेत. २०२४च्या एप्रिलमध्ये याच कारणाने रस्ट भाषेला १.७७.२ ही आवृत्ती सुरक्षेसाठी तातडीने काढावी लागली, आणि त्याच सुमारास जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडलाही अशीच दुरुस्ती करावी लागली. नोडसोबतचा ‘एनपीएम’ हा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम विंडोजवर ‘सीएमडी’ फाइल असतो, हे लक्षात असू द्यावे. ज्या फाइलची नावे बाहेरून येतात ती अशा फाइलला आर्ग्युमेंट म्हणून देऊच नयेत.

बाहेरचा प्रोग्रॅम अडकून बसतो तेव्हा बहुधा तो उत्तराची वाट पाहत असतो किंवा त्याचे बोलणे कोणी ऐकत नसते. पहिल्या प्रकारात तो ‘फाइल आधीच आहे, पुसू का?’ असे विचारतो आणि रात्री दोन वाजता उत्तर द्यायला कोणी नसते. म्हणून त्याचा इनपुट रिकाम्या फाइलला जोडून द्यावा. दुसऱ्या प्रकारात स्क्रिप्ट नेहमीचे आउटपुट वाचत असते आणि प्रोग्रॅम एरर आउटपुटवर लिहीत सुटतो. हे आउटपुट ज्या पाइपमधून, म्हणजे दोन प्रोग्रॅममधील जोडमार्गातून, जाते त्याची क्षमता लिनक्सवर सामान्यतः ६५,५३६ बाइट असते. ती भरली की लिहिणारा थांबतो, वाचणारा दुसऱ्याच पाइपकडे तोंड करून बसलेला असतो, आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. थोड्या चित्रांवर चाचणी घेतली तर हे दिसत नाही. इशारे वाढले की दिसते. पायथनमध्ये ‘सबप्रोसेस’चे ‘रन’ फंक्शन दोन्ही बाजू एकत्र वाचते, तेव्हा तेच वापरा आणि वेळेची मर्यादाही घाला. शेकडो चित्रे एकाच कमांडमध्ये देत असाल तर ती गटागटाने द्या, कारण विंडोजवर एका कमांडची लांबी ३२,७६७ अक्षरांपलीकडे जात नाही आणि कमांड प्रॉम्प्टमधून गेल्यास ८,१९१ अक्षरांवरच थांबते. एक्झिट कोड तपासणे तर गृहीतच आहे, पण जुन्या ‘अँट’ या बिल्ड साधनात ‘एक्झेक’ हे कार्य अपयश आले तरी स्वतःहून बिल्ड थांबवत नाही, तसे सांगावे लागते. म्हणून कोणत्याही साधनात हे एकदा मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम देऊन पाहावे.

लॉगमध्ये मी प्रत्येक प्रोग्रॅमची एक ओळ लिहितो : नाव, पूर्ण पत्ता, आवृत्ती, आणि तो कुठून कळला, म्हणजे पर्यायातून, पाथमधून की ठरलेल्या जागेतून. सापडला नाही तर कुठे कुठे पाहिले त्या सर्व जागा लिहितो. नुसते ‘सापडला नाही’ हे वाक्य वाचणाऱ्याला कुठेच नेत नाही.

शेवटी, आपण प्रश्नासोबत जोडलेल्या चित्रात एक गोष्ट दिसली, जी आपण विचारलेली नाही. कार्यालयातील मशीनवर प्रकल्पाचे फोल्डर ‘डी’ ड्राइव्हवर ‘चादर डिझाइन’ या देवनागरी नावाने आहे. विंडोजच्या जुन्या एएनएसआय कोडपेजांमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यांमध्ये, देवनागरीसाठी कोडपेजच नाही. आपली लिपी तेथे फक्त युनिकोडमधून चालते. त्यामुळे जे प्रोग्रॅम अजूनही जुन्या पद्धतीने आर्ग्युमेंट वाचतात, त्यांच्यापर्यंत त्या नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग पोहोचते आणि ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येतो. इमेजमॅजिकचा प्रश्न सुटल्यावर आपल्याला नेमका हाच संदेश पुढच्या एखाद्या साधनाकडून येण्याची शक्यता आहे. तसे झाले तर स्क्रिप्टने प्रोग्रॅम सुरू करताना चालू फोल्डर म्हणून प्रकल्पाचे फोल्डर द्यावे आणि आर्ग्युमेंटमध्ये त्याच्या आतील साधी रोमन नावे तेवढी सापेक्ष पत्त्याने द्यावीत. म्हणजे देवनागरी भाग त्या प्रोग्रॅमच्या हातात जातच नाही. तरीही एखादे साधन स्वतःहून पूर्ण पत्ता काढून अडखळले, तर फोल्डरचे नाव रोमन लिपीत बदलावे लागेल. सीमेक वापरत असाल तर नाव बदलल्यावर त्याची कॅश मात्र पुसायला विसरू नका, कारण तिच्यात जुना पत्ता लिहिलेला राहतो.